ज्वालामुखी बेटांचा स्वतःचा देश कसा रचायचा: डोंगर, नद्या, शहरं, सगळं पहिल्यापासून

कथेसाठी, गेमसाठी, मुलांच्या प्रोजेक्टसाठी किंवा नुसती हौस म्हणून स्वतःचा देश रचणारे आपल्यात बरेच जण आहेत, आणि ज्वालामुखीचं बेट हा त्यातला फार लाडका विषय. मी एका लांबलचक कथेसाठी धगूर नावाचा असा देश रचला. नकाशा चार वेळा फाडला, पाचव्यांदा जमला. पहिल्या नकाशात मधोमध धूर सोडणारा डोंगर होता, त्याच्या पायथ्याशी राजधानी होती (दिसायला छान म्हणून), आणि एक ऐसपैस नदी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेलेली होती. भूगोल शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवला तर तिने त्या नदीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हे पाणी डोंगर चढून पलीकडे कसं गेलं रे?" त्या दिवसापासून मी खऱ्या ज्वालामुखी बेटांचा अभ्यास सुरू केला आणि लक्षात आलं की आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आपण आधी शहरांची नावं लिहितो आणि मग त्यांच्या मागे डोंगर काढतो. करायचं बरोबर उलटं. आधी डोंगर, मग वारा, मग पाणी, मग किनारा, आणि माणसं सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला की शहरं कुठे बसणार हे नकाशाच सांगायला लागतो, तुम्हाला डोकं खाजवावं लागत नाही.

काय काय लागेल

- मोठा कागद (ए-थ्री असला तर उत्तम), पेन्सिल, खोडरबर
- ट्रेसिंग पेपरचे पाच-सहा ताव. वारा, पाणी, वस्ती, धोका, रस्ते, प्रत्येकाला वेगळा ताव. सगळं एकाच कागदावर काढायला गेलात तर खोडून खोडून कागद फाटतो
- जुनी परात किंवा ट्रे, दिवाळीच्या किल्ल्याला आणतो तसली माती, आणि पाण्याची स्प्रे बाटली. हे कशाला ते पुढे सांगतो
- फोनवर किंवा कॉम्प्युटरवर गुगल अर्थ
- एक वही, ज्यात प्रत्येक गावापुढे "हे इथेच का?" याचं उत्तर लिहायचं
- सॉफ्टवेअर अगदी शेवटी. इंकस्केप आणि गिंप फुकट आहेत, इंकार्नेट ब्राउझरमध्ये चालतं. पण कागदावर देश उभा राहिल्याशिवाय यातलं काहीही उघडू नका, नाहीतर आठवडा नुसता झाडांचे आयकॉन लावण्यात जातो

१. डोंगर कुठल्या स्वभावाचा आहे ते ठरवा

सगळ्या गोष्टी इथून ठरतात म्हणून इथे घाई नको. ढोबळमानाने दोन प्रकार धरा.

पहिला, पसरट. पातळ, वाहता लाव्हा, उतार इतका मंद की लांबून डोंगर पालथ्या ताटासारखा दिसतो. हवाईचा मौना लोआ असा आहे, ४,१६९ मीटर उंच आणि तरी पसरलेला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझही याच स्वभावाचा. हा डोंगर घरं, रस्ते, शेतं गिळतो पण माणसाला सहसा पळायला वेळ देतो. २०१८ मध्ये हवाईत किलाउएआच्या लाव्ह्याने सातशेच्या आसपास घरं गेली, पण लाव्ह्याखाली सापडून कोणी मेलं नाही.

दुसरा, शंकूसारखा, उभा, चित्रात काढतात तसा. याचा शिलारस घट्ट असतो, वायू आत कोंडतो आणि मग एकदम फुटतो. राख आणि तापलेल्या वायूचा लोंढा डोंगरावरून खाली येतो त्याला पळून चुकवता येत नाही. मार्टिनिक बेटावरचं सें-पिएर हे तिथलं सगळ्यात नावाजलेलं शहर, ८ मे १९०२ ला सकाळी माँ पेले फुटला आणि काही मिनिटांत सुमारे २८,००० माणसं गेली.

तुमच्या कथेत म्हातारी माणसं "मागल्या वेळी लाव्हा आला तेव्हा आम्ही देव घेऊन निघालो" अशी आठवण सांगणार असतील तर डोंगर पहिल्या प्रकारचा हवा. शहर एका सकाळीत नाहीसं व्हायचं असेल तर दुसरा. एकाच डोंगराकडून दोन्ही करून घेऊ नका. खऱ्या जगात मिश्र स्वभावाचे डोंगर आहेत, पण नवख्याने त्यात शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बेटं एकापेक्षा जास्त असतील तर त्यांची मांडणीही इथेच ठरते. पृथ्वीच्या पोटात एका जागी उष्णता वर येत असेल आणि वरचा भूभाग सरकत असेल तर बेटांची रांग तयार होते, एका टोकाला सगळ्यात तरुण आणि जिवंत, दुसऱ्या टोकाला झिजलेलं, म्हातारं. हवाईची रांग अशीच. आणि आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे रियुनियन. जी उष्णता आज रियुनियनखाली आहे तिच्यातूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खनचा काळा कातळ बाहेर आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, आणि मग भूभाग उत्तरेकडे सरकत गेला तशी वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माळ मागे राहिली. म्हणजे आपण ज्या कातळावर राहतो तोच धागा पुढे हिंदी महासागरात गेलाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री दोन वाजेपर्यंत नकाशा बघत बसलो होतो. दुसरी मांडणी म्हणजे धनुष्यासारखी वाकलेली रांग, जिथे एक भूभाग दुसऱ्याखाली घुसतो. तिथे सगळीच बेटं एकाच काळात धुमसत असू शकतात, आणि डोंगर बहुतेक शंकूसारखे.

इथला सापळा: आपण मराठी माणसं डोंगर म्हटलं की सह्याद्री काढतो, पायऱ्या पायऱ्यांचा, वर सपाट माथा, बाजूने ताशीव कडे. सह्याद्रीचा कातळ ज्वालामुखीचाच आहे हे खरं, पण तो लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांमधून निघून थरावर थर पसरला, त्यातून पठार झालं आणि मग ते झिजलं. समुद्रातून वर आलेल्या बेटाला मधोमध उंचवटा असतो आणि उतार चारी बाजूंना. तरुण बेटावर राजगड-तोरणा बसवू नका. आणि लोणार बघून विवर काढत असाल तर तेही थांबवा, लोणार उल्का पडून झालंय, ज्वालामुखीचं नाही.

२. आकार आणि वय

हा टप्पा पटकन होतो. खऱ्या बेटाचं माप घ्या आणि आपल्या ओळखीच्या जागेशी ताडून बघा. रियुनियन २,५१२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जेमतेम निम्मं, आणि लोकसंख्या मात्र साधारण सिंधुदुर्गाएवढी. मॉरिशस त्याहून थोडं लहान आणि तिथे बारा लाखांच्या वर माणसं. आइसलंड महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आणि माणसं चार लाखांच्या आत. लहान बेटावर दहा मोठी शहरं मावत नाहीत, तीन-चार पुष्कळ झाली.

बेटावर दोन डोंगर ठेवा, एक म्हातारा आणि एक तरुण, हा माझा आग्रहाचा सल्ला. रियुनियनवर हेच आहे, पितों दे नेज ३,०७० मीटर उंच, शांत, पावसाने पोखरलेला, आणि शेजारी फुर्नेझ अजून जागा. धगूरमध्ये मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरली वायव्येला, धाकटी आग्नेयेला. थोरलीच्या अंगावर खोल दऱ्या, धाकटीचं अंग गुळगुळीत, कारण पावसाला तिला कोरायला अजून वेळच मिळालेला नाही.

३. वारा कुठून येतो

ट्रेसिंग पेपरच्या पहिल्या तावावर फक्त एक मोठा बाण काढा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला उष्ण पट्ट्यात बेट असेल तर वर्षभराचे वारे आग्नेयेकडून, उत्तरेला असेल तर ईशान्येकडून. ज्या अंगाला वारा आपटतो ते अंग ओलं, पाठीमागचं कोरडं. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की चित्रच बदलतं, पुढे माण-खटावला तर टँकर. बेटावर हेच, फक्त आणखी जवळजवळ. रियुनियनच्या पूर्वेकडच्या उतारांवर काही ठिकाणी वर्षाला दहा मीटरच्या वर पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी एक मीटरही नाही, आणि मध्ये अंतर किती, तर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही.

पाऊस किती जोराचा असू शकतो याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, आपण सगळ्यांनी तो बघितला किंवा ऐकला. रियुनियनच्या फॉक-फॉक नावाच्या जागी जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पडला, एका वादळात. जवळजवळ दुप्पट. तेव्हा ओल्या बाजूला शहर वसवणार असाल तर तिथले पूल, घरांची छपरं, शाळेच्या सुट्ट्या, सगळं त्या हिशोबाने लिहा.

उंचीचाही हिशोब ठेवा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढते. आणि डोंगर फारच उंच असेल, तीन हजार मीटरच्या वर, तर माथा पुन्हा कोरडा होतो कारण ढग त्याच्या खालीच अडकतात. मी पहिल्यांदा माथ्यावर घनदाट जंगल काढलं होतं, ते खोडलं. जंगल डोंगराच्या कमरेला.

४. पाणी (इथे मातीचा किल्ला करायचा)

माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात मजेचाही.

परातीत माती घ्या, बेटाच्या आकाराचा ढिगारा करा, दोन डोंगर उभे करा. थोरलीची माती हाताने घट्ट थापा. धाकटीवर वरून जाड वाळू किंवा विटेचा चुरा पसरा. आता स्प्रे बाटलीने दोन्हींवर सावकाश पाणी मारत राहा, घाई न करता, पाच-दहा मिनिटं. मी हे माझ्या भाचीबरोबर गॅलरीत केलं. थोरलीवर आधी नुसती ओल दिसली, मग केसाएवढ्या रेघा, मग त्या रेघा एकमेकींना मिळून दोन-तीन नीट ओहोळ झाले आणि खाली परातीच्या काठाशी गाळाचा छोटा पंखा साचला. धाकटीवर काहीच नाही. पाणी पडतंय आणि गायब होतंय. भाची म्हणाली, "मामा, ही तर सगळं पिऊन टाकतेय." मग थोड्या वेळाने धाकटीच्या अगदी तळाशी, परातीला टेकते तिथून पाणी झिरपायला लागलं.

खऱ्या बेटांवर अगदी हेच होतं. ताज्या लाव्ह्याला भेगा, पोकळ्या, बोगदे असतात, पाणी आत मुरतं. कोमोरोसच्या सगळ्यात मोठ्या बेटावर, जिथे कार्थाला ज्वालामुखी आहे, पाऊस भरपूर पडूनही बारमाही नदी नाही, लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. झरे निघतात ते किनाऱ्याजवळ, कधीकधी तर समुद्रातच. म्हातारा कातळ मात्र झिजून माती होतो, फटी बुजतात, पाणी वरून वाहतं आणि दऱ्या कोरतं.

म्हणून नद्यांचे नियम असे:

- नदी डोंगरातून समुद्राकडे. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत कधीच नाही
- छत्रीच्या काड्यांसारख्या नद्या चहूबाजूंना उतरतात, लहान आणि जोरदार. लांब, संथ, नागमोडी नदी लहान बेटावर मिळत नाही
- नद्या एकत्र येतात, उतारावर फुटून दोन होत नाहीत
- बारमाही नद्या म्हाताऱ्या डोंगरावर आणि ओल्या अंगाला. तरुण डोंगरावर टाक्या, झरे, विहिरी

परातीचा फोटो वरून काढा आणि त्या रेघा तशाच ट्रेसिंग पेपरवर उतरवा. माझ्या नकाशातल्या सगळ्या नद्या त्या परातीतून आल्यात.

५. किनारा आणि बंदर

नवख्या लोकांना वाटतं बेट म्हणजे जिकडेतिकडे बंदर. प्रत्यक्षात ज्वालामुखीच्या बेटाला चांगलं बंदर मिळणं कठीण. तरुण बाजूला सरळ काळे कडे, पाणी लगेच खोल, नांगर टाकायला जागा नाही. रियुनियनला तर खणून बंदर करावं लागलं.

बंदर मिळतं ते मुख्यतः दोन तऱ्हेने. एक, म्हाताऱ्या बाजूला किनाऱ्याला समांतर प्रवाळाची भिंत तयार होते, आणि जिथे नदीचं गोडं पाणी समुद्रात येतं तिथे प्रवाळ वाढत नाही, तर त्या भिंतीत दार पडतं. जहाज त्या दारातून आत. होनोलुलूचं बंदर असंच झालंय. म्हणजे बघा, कोरडी बाजू, वाऱ्याला पाठ, वर म्हातारा डोंगर, त्यातून येणारी नदी आणि नदीसमोर प्रवाळातलं दार, या चार-पाच गोष्टी जिथे जुळतात तिथे राजधानी आपोआप बसते. मॉरिशसचं पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर आहे ते उगाच नाही. धगूरची राजधानी सुकबंदर मी याच हिशोबाने वायव्येला नेली.

दुसरी तऱ्हा, डोंगराचा माथा खचून झालेलं प्रचंड कुंड, ज्याला कॅल्डेरा म्हणतात, त्यात समुद्र शिरतो. बंदर अप्रतिम, पण तुम्ही डोंगराच्या तोंडात राहताय. पापुआ न्यू गिनीचं रबाउल असंच होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये दोन बाजूंचे दोन ज्वालामुखी एकदम जागे झाले, राखेने शहराची छपरं खाली आणली. लोक वेळेत बाहेर पडले म्हणून जीवितहानी फार थोडी झाली, पण प्रांताची राजधानी तिथून कोकोपोला हलवावी लागली. कथेसाठी ही जागा फार मोलाची आहे, कारण तिथल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत असतं आपण कुठे दुकान मांडलंय, आणि तरी तो मांडतो.

६. आता शहरं

आतापर्यंतचे ताव एकावर एक ठेवा आणि उजेडासमोर धरा. काही जागा आपोआप उठून दिसतील. मला दिसलेल्या अशा:

बंदराचं शहर. वर सांगितलंच. बाजार, जकात, गोदामं, सगळ्या जातीधर्माची माणसं. उकाडा भयंकर.

माळावरचं शहर. बेटाच्या मध्यावर चार-पाचशे मीटर उंचीवर सपाटी असेल तर तिथे दुसरं शहर वाढतं. मॉरिशसमध्ये १८६६ ते १८६८ दरम्यान मलेरियाची मोठी साथ आली तेव्हा ज्यांना परवडलं ती माणसं पोर्ट लुई सोडून वरच्या थंड पठारावर राहायला गेली, क्युरपीपसारखी गावं त्यातून वाढली. तिथे शहराच्या मधोमध झोपलेल्या ज्वालामुखीचं विवर आहे, आत झाडी आणि तळं. एका साथीने देशाचा मध्य हलतो, हे मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त पटणारं कारण वाटतं. माझं वरमाळ शहर असंच वसलं, म्हणून तिथे जुनी घरं, शाळा आणि छत्र्यांची दुकानं जास्त.

ओल्या बाजूचं गाव. ऊस, चहा, फर्न, शेवाळ. वस्ती किनाऱ्याला चिकटलेली, मोठं शहर सहसा नाही. हवाईतलं हिलो या बाजूला आहे आणि त्याच्यावर १९४६ आणि १९६० अशा दोन वेळा त्सुनामी आली, नंतर समुद्रालगतची बरीच जागा त्यांनी घरांसाठी परत दिलीच नाही, बागा केल्या. तुमच्या शहरातही अशी एक मोकळी बाग ठेवा. त्या बागेत घरं का नाहीत हे एखाद्या पात्राला माहीत असू द्या.

डोंगराच्या पोटातली वस्ती. म्हाताऱ्या डोंगरात झिजून झालेली खोल, भिंतींनी वेढलेली दरी. रियुनियनच्या माफातमध्ये आजही रस्ता जात नाही, माणसं पायी जातात आणि सामान हेलिकॉप्टरने येतं. शेजारच्या सिलाओसला रस्ता आहे पण त्याला चारशेच्या वर वळणं. पळून आलेले गुलाम अशा दऱ्यांमध्ये लपून राहिले होते. राजधानीतल्या सरकारचं न ऐकणारी माणसं तुमच्या देशात कुठे राहत असतील, तर इथे.

राखेतलं शेत. नवा लाव्हा म्हणजे नापीक कातळ, हे पक्कं लक्षात ठेवा, "ज्वालामुखीची माती सुपीक" हे वाक्य अर्धवट आहे. कातळाची माती व्हायला पाऊस आणि खूप वर्षं लागतात, आपली काळी कसदार जमीनही अशीच झालीय. पण बारीक राख मात्र उपयोगी. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्सारोतेवर १७३० ते १७३६ असा सहा वर्षं उद्रेक चालला, शेतं गाडली गेली, आणि मग लोकांनी त्या काळ्या राखेत खड्डे खणून प्रत्येक खड्ड्यात एक द्राक्षाचा वेल लावला, वाऱ्यासाठी अर्धगोल दगडी बांध घातला. राख दव धरून ठेवते. हे गुगल अर्थवर नक्की बघा, काळ्या रानावर हजारो अर्धचंद्र दिसतात. नाशिकचा द्राक्ष बागायतदार बघत राहील असं दृश्य आहे.

७. धोक्याचा ताव

नवीन ट्रेसिंग पेपर घ्या आणि बेटाचे पट्टे पाडा. हवाईच्या मोठ्या बेटाचे लाव्ह्याच्या धोक्यानुसार एक ते नऊ असे भाग केलेले आहेत, एक म्हणजे सगळ्यात धोक्याचा. तुम्हाला चार पुरतात. मग हा ताव वस्तीच्या तावावर ठेवा. लाल पट्ट्यात एकही गाव नसेल तर तुमचा देश खोटा वाटेल, कारण माणसं राहतातच, जमीन स्वस्त असते, वडिलोपार्जित असते, मासे तिथेच मिळतात.

मग ठरवा, एक गाव गेलं कसं आणि एक वाचलं कसं. दोन खरी उदाहरणं माझ्या मनातून जात नाहीत.

माँटसेराटची राजधानी प्लिमथ. १९९५ मध्ये डोंगर जागा झाला, १९९७ पर्यंत शहर राखेत आणि चिखलात गाडलं गेलं, बेटावरची निम्म्याहून जास्त माणसं देश सोडून गेली. कागदोपत्री राजधानी आजही प्लिमथच आहे, जिथे कोणीही राहत नाही.

आणि आइसलंडच्या किनाऱ्याजवळचं छोटं बेट हेमाय. २३ जानेवारी १९७३, मध्यरात्र उलटल्यावर गावाच्या कडेलाच जमीन फाटली. आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून मासेमारीच्या सगळ्या बोटी बंदरात थांबलेल्या होत्या, तर त्याच बोटींनी पाच हजारांवर माणसं रातोरात मुख्य बेटावर पोचवली. पुढे लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा लोकांनी त्याच्यावर महिनोन् महिने समुद्राचं पाणी मारलं, आणि बंदर वाचलं. चारशेच्या आसपास घरं गेली पण गाव परत वसलं.

मी धगूरची जुनी राजधानी सातपेठ धाकटीच्या पायथ्याशी ठेवली आणि लाव्ह्याने तीन आठवड्यांत घेऊ दिली. माणसं देव्हाऱ्यातले टाक आणि दाराच्या चौकटी काढून घेऊन निघाली. चौकटी का, तर लाकूड महाग आणि नवं घर बांधायचंच होतं. वहीत "काय घेऊन निघाले" असा एक रकाना करा, त्यातून देश जितका कळतो तितका लोकसंख्येच्या आकड्यांतून कळत नाही.

इथला सापळा: राख म्हणजे चुलीतली राख समजू नका. ती दगडाचा चुरा असते, भिजली की प्रचंड जड होते आणि छप्पर बसतं. ज्या देशात राख पडते तिथे छपरं उतरती ठेवा आणि घरात फावडं ठेवा.

८. रस्ते, वीज, तारा

थोडक्यात सांगतो. मुख्य रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने गोल, आडवे रस्ते एक-दोनच. जिवंत डोंगराच्या बाजूला हा रस्ता दर काही वर्षांनी तुटतो, रियुनियनला २००७ मध्ये लाव्हा रस्ता ओलांडून समुद्रात गेला होता. गरम पाण्यावर घरं उबदार ठेवायची असतील तर आइसलंडकडे बघा. आणि कथा आजच्या काळातली असेल तर समुद्राखालची केबल विसरू नका. १५ जानेवारी २०२२ च्या उद्रेकात टोंगाची केबल तुटली आणि देशाचा बाहेरच्या जगाशी संपर्क जवळजवळ बंद पडला होता.

९. नावं

आता, आणि आत्ताच, नावं. दोन गोष्टी करा.

एक, नाव जागेवरून काढा. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांवरून उन्हवरे, उन्हेरे अशी नावं पडलीत, लोकांनी जे बघितलं तेच म्हटलं. (ते झरे जिवंत ज्वालामुखीमुळे नाहीत, जमिनीतल्या खोल भेगांमुळे आहेत, पण नाव पाडणाऱ्याला त्याचं काय.) तशीच राखमाळ, काळसडा, ओलांबे, उन्हतळं. "अग्निपूर", "ज्वालानगर" असली नावं टाळा, जिथे आग असते तिथली माणसं आगीचं नाव उठताबसता घेत नाहीत.

दोन, नावांचे थर ठेवा. मॉरिशस हे नाव डचांनी दिलं, मग १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज, पण गावांची नावं बहुतेक फ्रेंचच राहिली. मग भारतातून मजूर गेले, त्यात आपली मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज तिथे अजून आहेत. ग्रां बासें नावाच्या विवरातल्या तळ्याला आज सगळे गंगा तलाव म्हणतात आणि महाशिवरात्रीला लोक बेटभरातून चालत तिथे जातात. एकाच पाण्याला दोन नावं, दोन्ही खरी. तुमच्या देशातही निदान दोन-तीन जागांना अशी जोडनावं द्या, आणि कोण कुठलं नाव वापरतं ते वहीत लिहून ठेवा.

१०. साफ प्रत

सगळे ताव एकावर एक ठेवून शेवटची प्रत काढा. उत्तर दिशेचा बाण, किलोमीटरची पट्टी आणि वाऱ्याचा बाण, हे तीन नसतील तर नकाशा अपुरा. गावाचं नाव समुद्राच्या बाजूला लिहा म्हणजे डोंगराच्या रेघांवर येत नाही. मग फोटो काढून तो फोनच्या छोट्या स्क्रीनवर बघा, कारण बहुतेक वाचक तिथेच बघणार. जे नाव तिथे वाचता येत नाही ते मोठं करा किंवा काढून टाका.

मातीची परात मात्र लगेच रिकामी करू नका. मी दोन महिने गॅलरीत तशीच ठेवली होती, कथेत पूर आला की खाली बसून आधी स्प्रे मारून बघायचो पाणी कुठल्या वाडीत शिरतंय, आणि मगच लिहायचो.